ओव्हनमधली बाळं

हसा, माझी हरकत नाही. फक्त तो चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हे सांगितलं तेव्हा एकाने चहा नाकातून काढला होता, आणि शर्ट माझा खराब झाला होता.

तर ऐका. मी एका शब्दापायी एका भल्या घराची ताटातूट करायला निघालो होतो. शिवी नव्हती हो ती! अगदी गोड, घरगुती शब्द. तुम्ही-आम्ही दिवसातून दहा वेळा वापरतो असा. पण सुरुवात करायला हवी भुतापासून, कारण मला आधी भूतच भेटलं.

तुम्ही कधी ऑगस्टमध्ये दुबईला इंटरनॅशनल सिटीत राहिलायत? नका राहू. शाळा बंद, बायकामुलं आपापल्या गावाला, आणि बाहेर असं ऊन की कुत्रं दिसत नाही. धुळीचं वारं सुटलं की सूर्य पांढराफटक पडतो आणि समोरची बिल्डिंग अर्धी नाहीशी होते. आमच्या मजल्यावर तर भर दिवसा चिटपाखरू नसतं. कॉरिडॉरमधले दिवे माणूस चालला की आपोआप लागतात. त्या महिन्यात ते माणूस नसतानाही लागायचे. लिफ्ट आमच्या मजल्यावर यायची, दार उघडायचं, आत कोणी नाही. थोडा वेळ वाट बघून दार पुन्हा बंद व्हायचं.

माझी बायको सुप्रिया आणि मुलगी पुण्याला गेलेल्या. मी एकटा. सिलिकॉन ओएसिसमधलं माझं ऑफिस शुक्रवारी लवकर सुटतं. रिकामं डोकं सैतानाचं घर म्हणतात ना, त्या घराचं भाडं त्या महिन्यात मी भरत होतो.

मला नाद आहे मासे पकडायचा. मूळचा वसईचा, काय करणार! माझा या पापातला भागीदार म्हणजे शेट्ये. त्याचं अजमानला रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत तो भंगारातलं शिसं वितळवून गळाला बांधायच्या गोळ्या ओततो. निमुळत्या, बोटाच्या पेराएवढ्या. गळ तळाला जावा म्हणून त्या दोरीला अडकवायच्या.

पण शिसं हाताला काळं लागतं, आणि अंगाला बरं नाही. म्हणून त्याला रंगाचं कवच द्यावं, असं माझ्या सुपीक डोक्यात आलं. कसं द्यायचं हे शोधायला बसलो तर यूट्यूबवर एक अमेरिकन आजोबा सापडले. पांढरी दाढी, आणि आमच्या अख्ख्या फ्लॅटएवढं गॅरेज. ते घरच्या घरी बंदुकीच्या गोळ्या ओततात, प्लास्टिकच्या डब्यात रंगीत पावडर टाकून त्यात गोळ्या खळाखळा हलवतात, पावडर गोळ्यांना चिकटून बसली की जुन्या ओव्हनमध्ये भाजतात. पावडर वितळते आणि गोळीवर गुळगुळीत, पक्कं कवच चढतं. आजोबांना गोळी बंदुकीत घालायची, मला गळाला बांधायची. आकार मात्र सेम टू सेम!

हा व्हिडिओ मी पडदे ओढून, हेडफोन लावून बघितला. का? अहो, हा देश कुठला! इथे 'घरच्या घरी बुलेट कशी बनवावी' हे मोठ्या आवाजात ऐकायची माझ्यात छाती नाही.

शेट्ये तर माझ्यापेक्षा भित्रा. फोन करून म्हणाला, "पश्या, फोनवर गोळी हा शब्द काढायचा नाही. बुलेट तर नाहीच नाही."

"अरे, मासे पकडायच्या आहेत त्या!"

"ते तुला माहीत, मला माहीत. माझ्या दुकानात पठाण आहे, बंगाली आहे, मल्याळी आहे. गोली सगळ्यांना कळतं. उद्या कोणी काही ऐकलं, कोणाला काही सांगितलं, की खलास!"

"मग काय म्हणायचं?"

शेट्येने जरा विचार केला. "बाळं म्हण. एवढ्या प्रेमाने ओततो मी त्यांना. आणि दुकानात कोणाच्या बापाला कळणार नाही."

झालं! ठरलं. आता मला सांगा, यात चुकलं काय? त्याच्या दुकानात मराठी कळणारं कोणी नाही, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी कळणारा मी एकटा. शेजारच्या फ्लॅटमध्ये निखिल नावाचा एक तरुण नवीन राहायला आला होता. लिफ्टमध्ये भेटायचा. "कैसे हो भाई?" "बस, बढ़िया." एवढंच बोलणं. बायको गरोदर आहे आणि तिच्यासाठी गावाहून आई आली आहे, हेही त्याने हिंदीतच सांगितलं होतं. म्हटलं, असेल इंदूर-भोपाळकडचा.

एका परत निघालेल्या कुटुंबाकडून जुना टोस्टर ओव्हन घेतला आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्टच्या जाळीखाली मांडला. हे सगळं सुप्रियाला न सांगता, हे वेगळं सांगायला नको. तिच्या स्वयंपाकघरात रंग आणि शिसं? मला गळाला बांधून समुद्रात सोडलं असतं तिने.

यात एक अडचण होती. हवा दमट असली की पावडर गोळीला चिकटत नाही. सकाळ-संध्याकाळ तर इथे चष्म्यावर पाणी जमतं. त्यामुळे भर दुपारी, सगळ्या खिडक्या बंद करून, एसी फुल सोडून हवा कोरडी झाली की मगच काम जमायचं. माझी आई सांगायची, भर दुपारी बाराला एकट्याने काही करू नये, ती वेळ त्यांची असते. त्यांची म्हणजे कोणाची, हे विचारायची सोय नव्हती.

तर शुक्रवारी दुपारी मी लाल पावडर डब्यात घातली आणि हलवायला लागलो. खळखळ, खळखळ, खळखळ. हातात ग्लोव्हज, म्हणून फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला. मधेच मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, "बाबा, व्हाय इज युवर नोज रेड? यू लुक क्रीपी." मी म्हटलं, सर्दी झालीय. तिने फोन ठेवल्यावर शेट्येचा आला.

"काय पश्या, बाळं बसली का नीट?"

"बसली. ट्रेमध्ये लांब लांब ठेवलीत. मघाशी दोन बाळं एकमेकांना चिकटली होती."

"मग?"

"मग काय, सुरीने सोडवली."

"आणि ते काळं पडलेलं?"

"ते जास्त भाजलं गेलं. टाकून दिलं कचऱ्यात."

"एखादं हातोडीने ठेचून बघितलंस का?"

"बघितलं ना! पार चपटं झालं, पण साल निघाली नाही."

"शाब्बास! म्हणजे आतपर्यंत भाजलंय. चालू ठेव."

आमचं हे बोलणं निव्वळ तांत्रिक होतं हो! तांत्रिक म्हणजे टेक्निकल. नंतर लोकांनी त्याचा दुसरा अर्थ घेतला, त्याला मी काय करू?

शेट्येने फोन ठेवला. फ्लॅटमध्ये एकदम शांतता झाली. खिडकीबाहेर पिवळट धूळ, लांबून कुठून तरी नमाजाची अजान, आणि ओव्हनच्या काचेआड लाल उजेड. मी वाकून बघत होतो. पावडर वितळायला लागली की त्या गोळ्यांना घाम फुटल्यासारखी चमक येते. एक एक करून सगळ्या चमकायला लागल्या. आणि त्याच वेळी ओव्हनमधून कोणी तरी हुंदका दिला.

मी ताठ उभा राहिलो. म्हटलं, पाइप असेल. इथले पाइप कधी कधी विचित्र आवाज करतात. एसी तर रोज कण्हतो. पण पाइप नाक ओढतो का? मी ओव्हन बंद केला आणि उरलेली दुपार मॉलमध्ये काढली.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी लिंबू.

साधं लिंबू नाही. मधे चीर दिलेलं, हळदकुंकू लावलेलं, दाराच्या बरोबर मध्यावर ठेवलेलं! दुबईत, चिनी दुकानांच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, माझ्या दारात! मी पाय उचलला तर चपलेखाली काही तरी चुरचुरलं. मोहरी. कॉरिडॉरभर मोहरी सांडलेली. लांबचा दिवा आपोआप लागला, पुन्हा विझला. मी दार लावून घेतलं आणि ऑफिसला लेट झालो. शनिवार होता, ऑफिसला सुट्टी होती, हे गाडीत बसल्यावर आठवलं.

तुम्ही म्हणाल, मग सोडून द्यायचं ना ते भाजणं! पण अर्धी बाळं कच्ची होती. अर्धवट सोडलेलं काम मला बघवत नाही, हाच माझा शाप. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा ओव्हन लावला. शेट्येशी बोलणं झालं. "किती राहिली?" "शेवटची थोडी आहेत. सगळ्यात लहान." "लहान लवकर भाजतात, लक्ष ठेव." फोन ठेवला. शांतता. लाल उजेड. आणि आता हुंदका नाही, चक्क बाईचा आवाज आला. ओव्हनमधून. मराठीत!

"सोड रे... सोड त्या लेकरांना... आईचा तळतळाट लागंल तुला..."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. या सबंध बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारा मी एकटा, आणि मी तर बोलत नव्हतो! मग ही कोण? हातातला चिमटा खाली पडला, तो आवाज ऐकून ओव्हनमधली बाई गप्प झाली. म्हणजे तिला ऐकू येत होतं. म्हणजे ती होती!

मी काय करावं? पळून जावं? गेलो असतो, पण पाय हलेनात. मग लहानपणी आईने मारून मुटकून पाठ करून घेतलेलं एक स्तोत्र मी ओव्हनसमोर उभा राहून मोठ्यांदा म्हणायला लागलो. दुसऱ्या ओळीनंतर चौथीच आठवली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडकलो. तिसऱ्यांदा तर मधेच मुलीची इंग्लिश प्रार्थना घुसली. पण गुण आला! आतून "अगं आई गं" अशी किंकाळी ऐकू आली, काही तरी भांडं आपटलं आणि मग आवाज बंद.

मी शेट्येला फोन लावला. "शेट्ये, हे शिसं कुठून आणलं तू?"

"भंगारातून. का?"

"कुठल्या भंगारातून?"

"कुठलं तरी जुनं हॉस्पिटल पाडलं ना, त्याच्या एक्स-रेच्या खोलीच्या भिंतीत असतं शिसं. तेच."

"हॉस्पिटल! कुठला विभाग?"

"मला काय माहीत? बाळंतपणाचा असेल," शेट्ये हसत म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने थट्टा केली. मला मात्र आता सगळं स्वच्छ दिसायला लागलं. बाळंतपणाचा वॉर्ड. भिंतीतलं शिसं. त्या शिशात अडकलेली कोणाची तरी लेकरं, आणि त्यांच्यासाठी रडणारी आई. आणि मी? मी त्यांना लाल रंग लावून भाजत होतो. वर एकाला हातोडीने ठेचलं होतं.

आता खरी चूक ऐका. दोन दिवसांनी निखिल लिफ्टमध्ये भेटला. चेहरा उतरलेला.

"भाई, एक बात पूछूँ? आपको घर में कुछ आवाज़-वावाज़ आती है क्या?"

मला वाटलं, माझ्या खळखळीची तक्रार आहे. म्हटलं, "कैसी आवाज़?"

तो म्हणाला, "छोड़ो, आप हँसोगे. मम्मी को आती है. किचन में. कोई आदमी बोलता है, बच्चों को मारने की बातें. मैंने बहुत समझाया, मानती नहीं. बोलती हैं, इस घर में डिलिव्हरी नहीं होगी. वाइफ को लेकर गाँव जा रही हैं. डॉक्टर बोला, अभी गए तो गए, बाद में फ्लाइट में बैठने नहीं देंगे."

"तो आप भी जाओ ना साथ में."

"नई जॉब है भाई. छुट्टी कहाँ?" तो लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिला. "शादी के इतने साल बाद बच्चा हो रहा है, और मैं फोन पे देखूँगा."

आता शहाण्या माणसाने काय म्हणायचं? 'आपकी मम्मी का वहम है, कुछ नहीं होता.' त्याला तेवढंच हवं होतं. शेजारच्या एका शिकल्यासवरल्या माणसाने एवढं सांगितलं असतं, तर त्याने आईची समजूत घातली असती. सगळं माझ्या एका वाक्यावर होतं.

आणि मी म्हणालो, "भाई, वहम नहीं है. मैंने भी सुना है."

निखिल भिंतीला टेकला. "आपने भी? आदमी?"

"नहीं. औरत. रोती है. बोलती है, बच्चों को छोड़ दो."

"मतलब..." त्याला घाम फुटला. "मतलब दो हैं?"

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, समोरचा दिवा आपोआप लागला. आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून बाहेर आलो. ते भूत कुठल्या भाषेत बोलतं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुबईचं भूत मराठी बोलतं म्हणालो असतो, तर त्याने मला वेड्यात काढलं असतं ना!

त्याच दिवशी त्याने तिकिटं काढली.

माझ्या मनाला लागून राहिलं हो ते. त्या पोराचं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. पण माझ्या हिशेबाने दोष त्या शिशाचा होता. ते शिसं मी या मजल्यावर आणलं, तर बाहेरही मीच काढायला हवं. मी शेट्येला फोनवर भाजल्या-न भाजल्या सगळ्यांना समुद्रात सोडायचं, मुक्ती द्यायची असं सांगितलं. त्याने मला वेडा म्हटलं, पण बोट काढायला तयार झाला.

शुक्रवार उजाडला. दुपारी एका हातात गळ, दुसऱ्या हातात कापडी पिशवीत सगळ्या गोळ्या घेऊन मी कॉरिडॉरमध्ये आलो. शेजारच्या दारात बॅगा काढून ठेवल्या होत्या. निखिल त्यांना कुलपं लावत होता. त्याची बायको रेवती पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून उभी होती, डोळे रडून सुजलेले. दारातून नऊवारीतल्या एक काकू हातात देवाचा डबा घेऊन बाहेर येत होत्या.

नऊवारी! मी बघतच राहिलो. म्हटलं, भोपाळला नऊवारी कुठून?

तेवढ्यात शर्टच्या खिशातून डोकावणारा फोन वाजला. हात मोकळे नाहीत, म्हणून हनुवटीने कसाबसा उचलला आणि तो नेमका स्पीकरवर गेला. शेट्ये अजमानहून खणखणीत आवाजात ओरडला, "पश्या, सगळी बाळं पिशवीत भरलीस ना? एकही मागे ठेवू नको! आज सगळी समुद्रात बुडवून मोकळे होऊ!"

देवाचा डबा काकूंच्या हातून सुटला.

"तोच!" त्या किंचाळल्या. "निखिल, तोच आवाज! ह्योच मेला भाजतोय लेकरं! ए मुडद्या, ठेव ती पिशवी खाली!"

आणि त्यांचा आवाज ऐकून मीही ओरडलो, "तीच! निखिलभाई, वही औरत है! ओव्हनवाली!"

माझ्या हातातून पिशवी निसटली. सगळ्या लालभडक गोळ्या खडखडत कॉरिडॉरभर घरंगळत गेल्या. जिथून त्या जातील तिथला दिवा लागत गेला, पार टोकापर्यंत. शेवटची गोळी रेवतीच्या पायाशी येऊन थांबली.

रेवती सावकाश वाकली आणि तिने ती उचलली. मी ओरडलो, "हातात घेऊ नका, शिसं आहे!" मग लगेच म्हणालो, "म्हणजे रंग आहे वर. चालेल. पण हात धुवा."

"हे काय आहे?" रेवतीने विचारलं.

"बाळं," मी म्हटलं.

"ही?"

मग मी सांगितलं. सगळं. उभ्या उभ्या, घाम पुसत. शेट्ये अजून फोनवरच होता, तोही मधे मधे साक्ष देत होता. गळ, शिसं, पावडर, अमेरिकन आजोबा, पठाण, बंगाली, गोळी शब्दाची भीती, आणि बाळं. निखिल तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"अरे भाई," तो शेवटी म्हणाला, "आप मराठी हो?"

"हाँ. आप भी?"

"हाँ, बार्शी के."

"अच्छा! मैं वसई का."

"आता तरी मराठीत बोला की रे!" काकू खेकसल्या.

तेव्हा उलगडा झाला. दोन्ही स्वयंपाकघरांचा एक्झॉस्ट एकाच पोकळीत जात होता. माझा प्रत्येक शब्द काकूंच्या गॅसवर उतरत होता, आणि त्यांनी जाळीला तोंड लावून केलेली विनवणी माझ्या ओव्हनवर. शेजारी हिंदीवाला भाई राहतो, असं निखिलने त्यांना सांगितलं होतं. मग मराठीत बाळं भाजणारा माणूस शेजारचा कसा असेल? भूतच असणार!

"आणि ते लिंबू?" मी विचारलं. "माझ्या दारात करणी कोणी केली?"

काकूंचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "करणी कसली? आमच्या दाराला बांधलं, तेव्हा म्हटलं, शेजारचा भाई एकटा आहे बिचारा. बायको-लेक गावाला. त्यालाही राखण हवी. म्हणून एक तुझ्या दारात ठेवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ज्यांना पळवून लावत होतो, त्या माझी राखण करत होत्या!

"काकू, मग तुम्ही घाबरून जायला का निघालात? मी तर स्तोत्रही म्हटलं त्या दिवशी."

"त्यानंच तर घाबरले!" काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. "भूत स्तोत्र म्हणतंय म्हणजे देवालाही भीत नाही! आणि म्हणतंय तेही चुकीचं! मला वाटलं, आता काही खरं नाही, उलटं म्हणून मंत्र फिरवतोय मेला. हातातलं पातेलं पडलं माझ्या. त्याच दिवशी म्हटलं, चला."

यावर आधी रेवतीला हसू आलं. पोट धरून, भिंतीला टेकून ती हसायला लागली. मग निखिल. मग काकू बॅगेवर बसून पदराने डोळे पुसत हसल्या. फोनमधून शेट्येही हसत होता. मी तेवढा रांगत रांगत कॉरिडॉरमधल्या गोळ्या गोळा करत होतो.

"बॅगा आत घे रे निखिल," काकू उठत म्हणाल्या. "माझं नातवंड इथंच होईल. बापाच्या डोळ्यांसमोर." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू! तो ओव्हन या इमारतीच्या बाहेर. आणि पुन्हा तुझ्या तोंडून बाळ हा शब्द ऐकला तर बघ! ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो."

"पण आई," निखिल म्हणाला, "आपलं झाल्यावर दादाने त्याला काय म्हणायचं?"

"गोळी म्हणा," रेवती म्हणाली. "फिटंफाट."

सगळ्यांना पटलं. ओव्हन शेट्येच्या दुकानामागे गेला. त्या दिवसापासून त्या घरात माझ्या तोंडी बाळ नाही, गोळी. "गोळी कशी आहे?" "गोळी लाथा मारते." "गोळीचं डोकं खाली आलं म्हणाले डॉक्टर." एकाच्या तोंडी बसलं की दुसऱ्याच्याही बसतं, निखिलसुद्धा माझ्याशी गोळीच म्हणायला लागला.

शाळा सुरू व्हायच्या आधी सुप्रिया आणि मुलगी यायच्या होत्या. त्यांना आणायला मी एअरपोर्टला निघालो. गाडी गॅरेजमध्ये, म्हणून टॅक्सी केली. ड्रायव्हर पेशावरचा खान, धिप्पाड, गप्प माणूस. बाहेर पुन्हा ती पिवळी धूळ, पुढची गाडीसुद्धा धड दिसत नव्हती. माझ्या दोन्ही हातांत मुलीसाठी घेतलेला मोठा केक. इतक्यात शेजारी सीटवर ठेवलेला फोन वाजला. कोपराने उचलला. तुम्ही ओळखलंच असेल, स्पीकरवर.

"दादा!" निखिल रडत होता की हसत होता कोण जाणे. "दादा, गोळी सुटली! आत्ता! मी समोरच उभा होतो, या डोळ्यांनी बघितलं!"

समोर उभा होता हो! मी काही म्हणणार, तेवढ्यात खानाने करकचून ब्रेक दाबला, टॅक्सी कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले आणि हळूच मागे वळला.

"साहब," तो म्हणाला, "गोली? किसको लगी?"

आनंदाने माझे डोळे भरलेले, हातात केक, आणि तोंडात तोच एक शब्द.

"बच्ची है भाई!" मी ओरडलो. "बच्ची!"

"तौबा! बच्ची को?" खान म्हणाला, आणि त्याने पोलिसांना फोन लावला.